माग इथं, माणसं कुंभारीत: कारखाना हलवावा का?

धोटा (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. इथं बरेच जण विकास आराखडा, एफएसआय, रिंग रोड यावर लिहितात. मी नुसता वाचत असतो. आज माझाच प्रश्न आहे आणि तो सोळा मागांएवढाच आहे, पण उत्तर काही सापडेना.

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात, दत्त नगरच्या अलीकडं. खाली माग, वर घर. आजोबा जुन्या गिरणीत साच्यावर होते. वडिलांनी भोंग्याची नोकरी धरली नाही, दोन जुने माग उधारीवर आणले आणि आजीच्या स्वयंपाकघराची भिंत पाडून तिथं बसवले. घरात तेलुगू, मागावर मराठी, सूतवाल्याशी हिंदी, किराणावाल्याशी कन्नड. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण इथं पुण्याचीही माणसं वाचतात.

दोन पाळ्या, जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि कांडी (आडव्या सुताची नळी) भरणाऱ्या तीन बायका धरून चौदा माणसं. पूर्वी सगळी अर्ध्या किलोमीटरच्या आतच राहायची. लाईट गेली की घरी जाऊन पडायची, आली की मागाचा आवाज ऐकून आपोआप परत यायची. बोलवायला कधी माणूस धाडावा लागला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीला रे नगर या कामगार वसाहतीची पहिली १५ हजार घरं दिली, चाव्या द्यायला पंतप्रधान आले होते. आमच्यातल्या सहा जणांना घर लागलं. पेढे मीच वाटले. आणि खरं सांगायचं तर त्याच रात्री माझ्या पोटात गोळा आला.

कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर, माझ्या दारापासून बारा किलोमीटर. एका माणसाचे दिवसाला सत्तर रुपये शेअर रिक्षात जातात. निम्मे मी देतो. पैशापेक्षा वेळेचा घोळ जास्त आहे. पाळीच्या वेळेला रिक्षा मिळते, पण मधेच लाईट गेली, बीम (उभ्या सुताचा रूळ) संपला, नवीन बीम सायझिंगवरून (सुताला खळ लावतात तिथून) आलाच नाही, तर रात्री दोनला तो जाणार कुठं? मागाखाली पोतं टाकून झोपतो. एकानं काम सोडलं. कांडीच्या तिघींतल्या दोघी गेल्या, कारण पोरांची शाळा तिकडं झाली. गेल्या दिवाळीपासून सोळापैकी पाच माग उभेच आहेत. उभा माग दिसला की घास उतरत नाही बघा.

आता तीन जण तीन सांगतात. एक ओळखीचा एजंट कुंभारीच्या अलीकडं दहा गुंठे दाखवतोय. म्हणतो, 'शेड मारा, एनए (बिगरशेती) होणारच आहे, सगळं शहर तिकडंच सरकतंय.' दुसरा म्हणतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्यानं शेड घ्या. मुलगा हिंजवडीत आहे, तो म्हणतो, 'पप्पा, माग भंगारात घाला, जागा बिल्डरला द्या.' भंगाराचा किलोचा भावसुद्धा विचारून आलाय.

नगररचना कळणाऱ्या माणसानं मला सांगावं, कारखाना कुठं ठेवू?

विजापूररोडवाला

अण्णा, पोरगा बरोबर बोलतोय की ओ. मागात आता काय राहिलंय? होटगी रोडवरून गोव्याला विमान सुरू झालं, मुंबईलाही झालं. आयटी पार्कची घोषणा झाली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे होतीय. सुरत-चेन्नई महामार्ग जिल्ह्यातून जातोय. हीच वेळ आहे. पूर्व भागातली जागा काढा, जुळे सोलापूर, सैफुलकडं दोन प्लॉट घेऊन ठेवा. पाच वर्षांनी मला चहा पाजाल. पाहिजे तर मेसेज करा, दोन-तीन चांगले आहेत बघण्यात.

निवृत्त आरेखक

विजापूर रोडवाल्यांचा धंदा चालू द्या, आपण धोटा यांच्या प्रश्नाकडं येऊ.

मी नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून एकतीस वर्षं काढली. नकाशावर पिवळा, जांभळा, हिरवा रंग भरणं हेच काम. पिवळा म्हणजे राहण्याचा भाग, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा. तुमचं घर कुठल्या रंगात बसतं ते आम्हाला कधीच नीट भरता आलं नाही. खाली माग आणि वर चूल, याला रंगच नाही. सबंध पूर्व भाग असाच आहे. आम्ही पिवळा रंग भरून मोकळं व्हायचो आणि आतून खडखडाट चालू असायचा.

आधी त्या दहा गुंठ्यांचं. घेऊ नका. कारणं क्रमानं सांगतो, कारण एजंट ती उलट्या क्रमानं सांगतो.

कुंभारी महापालिकेच्या हद्दीत नाही, तिथं ग्रामपंचायत आहे. म्हणजे शहराचा विकास आराखडा तिथं लागू नाही, प्रादेशिक योजना बघावी लागते. तो गट नंबर कुठल्या झोनमध्ये आहे याचा झोन दाखला आणि भाग नकाशा आधी मागा. शेती झोन निघाला तर पुढचा प्रश्न, तुमच्या नावावर कुठं सातबारा आहे का? नसेल तर शेतजमीन तुम्हाला तशी घेताच येत नाही. कूळकायद्याच्या कलम ६३-१अ मध्ये खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी बिगरशेतकऱ्याला सोय आहे, पण तीसुद्धा जमिनीचा झोन तसा असेल तर. तिसरं, तुकड्याचं. २०२३ मध्ये शासनानं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते, जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे ठरवलं. त्या माळावर बागायत मला तरी आठवत नाही. तुकडेबंदीत अलीकडं ढील दिली आहे हे खरं, पण शेती झोनमधल्या जिरायतीला ती लागू आहे असं एजंटच्या तोंडून ऐकून धरू नका. शेवटी व्यवहार होतो तो नुसत्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून. तो कागद घेऊन वीज जोडणी मागायला गेलात की मग कळतं.

आता 'सगळं शहर तिकडंच सरकतंय' हे वाक्य. हे मी पहिल्यांदा १९९२ मध्ये ऐकलं. तेव्हा हद्दवाढ झाली, आसपासची गावं आत घेतली आणि ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ च्या पुढं गेलं. पाचपटीहून जास्त. आमच्या टेबलावर नकाशा मावेना, दोन टेबलं जोडून त्यावर पसरला होता. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, ज्वारीची रानं एका रात्रीत 'शहर' झाली. रेषा ओढायला एक दिवस लागतो. त्या रेषेपर्यंत ड्रेनेज न्यायला किती वर्षं लागतात ते हद्दवाढ भागात राहणाऱ्यांना विचारा. पसरलेल्या शहरात माणशी पाइप जास्त लागतो, माणशी डांबर जास्त लागतं, दिव्याचे खांब जास्त लागतात, आणि कर भरणारी डोकी तेवढीच. पाणी तर आपण ११० किलोमीटरवरून, उजनीवरून आणतो. त्यावर हा पसारा.

आणि डोकी किती वाढली? जनगणनेत १९९१ ला ६ लाख ४ हजार, २००१ ला ८ लाख ७२ हजार. ही उडी बघून हुरळू नका, तिच्यात हद्दवाढीची गावं आहेत. खरा आकडा पुढच्या दहा वर्षांचा, जेव्हा हद्द हलली नाही. २०११ ला ९ लाख ५१ हजार. म्हणजे दहा वर्षांत नऊ टक्के. त्याच काळात राज्य सोळा टक्के वाढलं. शहरात जन्मलेली पोरंसुद्धा शहरात राहिली नाहीत, असा त्याचा अर्थ मी लावतो. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं. आपली कुठं गेली ते त्यावरून कळेल.

तेव्हा प्लॉटचे भाव वाढले म्हणजे शहर वाढलं असं नाही. शहर कामानं वाढतं. तुमचे पाच माग बंद पडले ही माझ्या मते बातमी आहे, विमान नव्हे. (विमानाला माझा विरोध नाही. विमानाच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गच्चीवरून मीही बघत होतो.)

एमआयडीसीबद्दल उद्या लिहितो, डोळ्याला त्रास होतोय.

विजापूररोडवाला

आरेखक साहेब, एवढं सगळं कळत होतं तर तीस वर्षं रंग कसले भरत बसलात?

निवृत्त आरेखक

सांगितलेले. झोपा आता.

रे नगर बी विंग

काका, मी कुंभारीतच राहते. तुमचं वाचून आधी राग आला, मग परत एकदा वाचलं.

राग कशाचा, तर 'माणसं लांब गेली' याचा. आम्ही लांब गेलो नाही, आम्ही घरात गेलो. आधी शास्त्री नगरच्या पुढं एका खोलीत सहा जण होतो, भाड्यानं. आई विड्या वळायची आणि मी त्याच सुपाशेजारी दहावीचा अभ्यास केला. माझ्या वहीला तंबाखूचा वास यायचा म्हणून वर्गात पोरी हसायच्या. आता तीनशे चौरस फुटांचं, आईच्या नावावरचं घर आहे. संडास आतमध्ये. हे माकपच्या माजी आमदार आडम मास्तरांच्या मागं वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळालंय, कुणी नकाशावर रंग भरून दिलेलं नाही. आधी २००६ मध्ये विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १० हजार घरांची. मग हे ३० हजारांचं. माझी मावशी गोदूताईत आहे, वीस वर्षं होत आली.

तुमच्या कामाचं मावशीकडूनच सांगते. सुरुवातीला ती विड्या जमा करायला शहरात यायची. पाटी डोक्यावर, बसला गर्दी, वाटेत विड्या मोडायच्या, मोडलेल्या छाटात जायच्या. नंतर वसाहतीतच विड्या जमा करायची सोय झाली. पान-तंबाखू तिथंच मिळायला लागली. बायका तिकडं गेल्यावर काम त्यांच्या मागं आलं, कारण पानाची गड्डी उचलून नेता येते. माग नेता येत नाही हे मलाही कळतं. पण तुमचं सगळंच काम मागावरचं आहे का? टॉवेल मागावरून उतरल्यावर कापणं, काठ शिवणं, धागे काढणं, घडी, पॅकिंग, हे कुठं होतं?

माझ्या विंगमध्येच चार बायका आधी टॉवेलची शिलाई करायच्या. इथं आल्यापासून रिकाम्या आहेत. एक तर रोज सकाळी डबा भरून दुसऱ्यांची भांडी घासायला शहरात जाते, शिलाईच्या हाताची बाई.

धोटा

ताई, पहिल्यांदा माफ करा. लिहिताना माझ्या बाजूनं लिहिलं गेलं. पेढे वाटले ते मनापासूनच वाटले होते.

तुमचा प्रश्न वाचून मी खाली कारखान्यात जाऊन बसलो. कांडी नेता येत नाही. कांडी संपली की धोटा (आडवं सूत इकडून तिकडं नेणारा मागाचा भाग) थांबतो, ती मागाच्या हाताशीच पाहिजे. (आता कुणी म्हणेल बिनधोट्याचे रॅपियर माग घ्या. घेतो, पैसे तुम्ही घाला.) पण शिलाई-कटिंग नेता येतं. सध्या ते मी आमच्या गल्लीतल्या दोन घरांत देतो आणि तिथं माल तुंबतो. व्यापारी शनिवारी गाठी मागतो, माझे टॉवेल न शिवलेले पडलेले असतात. म्हणजे पाच माग बंद आहेत आणि उरलेल्या अकरांचा मालसुद्धा वेळेवर निघत नाही. हे मी इतके दिवस रिक्षाच्या भाड्याच्या खाली दाबून ठेवलं होतं.

आरेखक साहेब, एजंटला झोन दाखला मागितला. 'दोन दिवसांत देतो' म्हणाला. आज सहावा दिवस. फोन उचलत नाही.

रविवारी एमआयडीसीतली शेड बघून आलो. माझ्याकडून साडेपाच किलोमीटर, तिथून कुंभारी साडेसहा-सात. पत्र्याची, उंची चांगली, थ्री फेज आहे. मालक आधी तिथं चादरीच काढायचा, आता पोरं परदेशात. कोपऱ्यात नक्षी काढणारा जुना जॅकॉर्ड माग उभा होता, पंच केलेल्या पुठ्ठ्यांची माळ अजून लोंबत होती, मोराची चादर असणार. भाडं जास्त सांगतोय. अकरा महिन्यांचा करार म्हणतो.

पुण्यात अडकलेला

मी वाघोलीत राहतो, नोकरी हिंजवडीत. माहेर सोलापूरची चाटी गल्ली म्हणा हवं तर. (पुरुषालाही माहेर असतं, पुणे-सोलापूर हुतात्मा एक्स्प्रेसच्या डब्यात बसलात की कळेल.)

अण्णा, मुलाच्या सल्ल्यावर एवढंच लिहितो. पुण्यात आमचं जे झालंय ते तुमच्या सोळा मागांचंच मोठं रूप आहे. काम पश्चिमेला हिंजवडीत, परवडणारी घरं पूर्वेला वाघोलीत, मधे सगळं पुणे. सकाळी पावणेसातला निघतो तरी कधी दोन तास लागतात. हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीचं, आजूबाजूची गावं ग्रामपंचायतीत, त्याबाहेर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ती स्थापन झाली २०१५ मध्ये, तोवर कंपन्या येऊन जुन्या झाल्या होत्या. महापालिकेनं २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये २३. आधी इमारती, मग हद्द, मग पाइप, सगळ्यात शेवटी मेट्रो. क्रम उलटा. माझा पगार सोलापुरातल्या मित्राच्या दुप्पट आहे आणि जागेपणीचा मुलीबरोबरचा वेळ निम्मा.

पण एक गोष्ट पुण्यानं बरी केली, ती सांगायला हवी. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी तुकड्यांनी विकल्या नाहीत. एकत्र केल्या आणि त्यावर घरंही बांधली, ऑफिसंही बांधली. एकाच आवारात. तिथं राहून तिथंच चालत कामाला जाणारे मी पाहिलेत, हेवा वाटतो. म्हणजे घर आणि काम एकत्र आखता येतं, कायद्यात नगररचना योजनाही आहे, सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते काढायचे आणि ज्याला त्याला छोटा पण रस्त्यावरचा प्लॉट परत द्यायचा. कुंभारीत ३० हजार घरं आखली तेव्हा शेजारी शंभर-दीडशे मागांच्या शेडची जागा जांभळी करून ठेवली असती तर हा धागाच निघाला नसता.

निवृत्त आरेखक

पुणेकर, बरोबर. फक्त घरांची योजना एका खात्याची, शेडची दुसऱ्या, झोन बदल तिसऱ्या आणि बस चौथ्या. चौघांची बैठक एका खोलीत झाली तर चहा कुणाच्या खर्चातून, इथून सुरुवात होते. मी अशा बैठकांना नकाशे धरून उभा राहिलोय, म्हणून सांगतो.

धोटा, तुम्ही सांगितलेलं अंतर मी कागदावर मांडलं. तुमचं घर, साडेपाचवर एमआयडीसी, बारावर कुंभारी. शेड जवळजवळ मध्यावर पडते. आज कुंभारीच्या माणसांना बारा किलोमीटर आणि बाकीच्यांना शून्य. शेड घेतली तर सगळ्यांना सहाच्या आसपास. तुम्हालाही. म्हणजे त्रास वाटला जाईल, संपणार नाही. पूर्व भागातली जी माणसं आज चालत येतात ती उद्या टिकतील का हे त्यांनाच विचारा, मला नको. चिंचोळी एमआयडीसीचा विचार करू नका, ती पुणे रोडला, कुंभारीच्या माणसाला सगळं शहर ओलांडावं लागेल.

एमआयडीसीत इमारतीची परवानगी, नकाशा, सगळं एमआयडीसीच बघते, तिथं नियोजन प्राधिकरण तेच. जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. तुमचा शेडमालक म्हणजे खरा मालक नव्हे, पट्टेदार. त्यानं तुम्हाला भाड्यानं द्यायला एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी लागते आणि त्याचं शुल्क असतं. अकरा महिन्यांच्या कागदावर ते झाकता येत नाही. परवानगीचं पत्र बघितल्याशिवाय माग हलवू नका. सोळा माग हलवायचे म्हणजे पाया, शाफ्ट, वायरिंग, परत हलवायची वेळ आली तर निम्मे भंगारातच जातील.

अक्कलकोट रोड, गाळा

मी तिथंच आहे, म्हणून थोडक्यात. पत्र बघाच. वीज मीटर कुणाच्या नावावर, मंजूर भार किती, थकबाकी आहे का, तेही बघा. यंत्रमागाची वीज सवलत तुमच्या आत्ताच्या जोडणीवर असेल, जागा बदलली की ती आपोआप मागं येत नाही, अर्ज परत करायचा. या सवलतीत २७ अश्वशक्तीच्या आत आणि वर हिशेब वेगळा असतो, ती रेघ लक्षात ठेवा, सोळा माग आणि कांडी मशीन मिळून कुठं बसता ते मोजा. सेवा शुल्क, मालमत्ता कर कोण भरणार हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

भाडं पाडून मागा. आमच्या रांगेत तीन शेड रिकाम्या आहेत. त्याला माहितीय, तुम्हाला माहीत नाही असं त्याला वाटतंय.

विजापूररोडवाला

सगळे मिळून अण्णाला घाबरवून सोडलं. पन्नास वर्षं सोलापूर असंच, 'इथं काय होत नाही' म्हणत बसायचं.

रे नगर बी विंग

होत नाही असं कोण म्हणतंय दादा? चार बायका शिलाईला तयार आहेत, मी विचारून आलेय. त्यातल्या दोघींकडं मशीन आहे. प्लॉट घेऊन ठेवण्यापेक्षा हे लवकर होईल.

धोटा

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचं ऐकलं, विजापूर रोडवाल्यांचंसुद्धा.

दहा गुंठे सोडले. एजंट परवा मार्केट यार्डाजवळ समोरून आला आणि रस्ता बदलून गेला.

शेडचं पत्र मागितलं. तो म्हणाला, 'एवढी वर्षं कुणी मागितलं नाही.' आता अर्ज करतोय म्हणतो, भाडंही चार हजारांनी उतरवलंय. गड्डा (सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा) झाल्यावर बघू. संक्रांतीच्या आधी आमच्याकडं कुणी जड वस्तू हलवत नाही, नंदीध्वज निघाल्यावर मग काय ते. माझ्या पूर्व भागातल्या माणसांना विचारलं. पाच जण यायला तयार आहेत, दोघं नाही, आणि जॉबर म्हणाला, 'मालक, तुम्ही येणार का रोज? तुम्ही आलात तर मी येतो.' त्याला मी उत्तर दिलेलं नाही. कारखाना जिन्याखाली असण्याची पंचेचाळीस वर्षांची सवय आहे. माग थांबला की मला झोपेत कळतं. शेडमधला थांबलेला कसा कळणार?

मुलाला आरेखक साहेबांचा नऊ टक्क्यांचा हिशेब पाठवला. त्यानं अंगठा दाखवलाय. म्हणजे वाचलं नाही. पण वाघोलीवाल्यांचं वाचलं, कारण रात्री फोन आला आणि विचारत होता, शिलाईचा माल कुंभारीला न्यायला तीनचाकी टेम्पो किती घेतो. भंगाराचा विषय निघाला नाही.

शुक्रवारी पहिली खेप पाठवली, चाळीस डझन. शनिवारी सकाळी आठला शिवून, घडी घालून परत आले. टेम्पोवाल्यानं येताना कांडीच्या एका बाईला बसवून आणलं, ती म्हणाली टेम्पो रोज येणार असेल तर मी पण येते. आज ती आली होती. बंद पाचपैकी दोन माग दुपारी चालू केले. एक लगेच अडकला, इतक्या दिवसांचा गंज.

ताई, एक विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात सत्तर डझन जमेल का, आणि बिलाचं कुणाच्या नावावर करू?

रे नगर बी विंग

सत्तर जमेल, पाचवी बाई मिळालीय. बिल पाचही जणींचं वेगवेगळं करा काका, एकीच्या नावावर नको, नंतर भांडणं होतात. आणि आई म्हणते, दोरा तुमच्याकडूनच पाठवा. इथल्या दुकानातला काठावर आला की तुटतो.